मुकी पेटी

मी पेटी चांगली वाजवायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला माझी कीव यायला नको. सतराव्या वर्षी नागपूरच्या अख्ख्या इतवारीत माझ्यासारखा हात कुणाचा नव्हता आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. भानगड तिथूनच सुरू झाली. आता नंदनवनातल्या माझ्या फ्लॅटवर ज्या मुली शिकायला येतात त्या दारातच सांगतात, "मॅडम, आम्हाला काहीच येत नाही." मी म्हणते, बरं झालं, अर्धं काम सोपं झालं. ज्याला येत नाही त्याला शिकवता येतं. मला येत होतं, म्हणून मला शिकवताना मास्तरांच्या नाकी नऊ आले.

आमचं भांड्यांचं दुकान इतवारीत, भांडेवाल्यांच्या बर्तन ओळीत. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि एक गच्ची. सकाळी बाबा दुकान उघडायचे तेव्हापासून दिवेलागणीपर्यंत आवाजच आवाज. हातगाड्या खडखडत यायच्या, हमाल "बाजू, बाजू" करून ओरडायचे, मागच्या गल्लीत तांबट गुंडांना, त्या पितळी घागरींना, ठोके द्यायचे आणि वर आईची फोडणी चुर्र करायची. पाहुण्यांचं डोकं उठायचं. मला मात्र तो कल्ला नसला की करमायचं नाही. माझा कान त्या कल्ल्यातच तयार झाला. गिऱ्हाईक गुंड घेताना बोटाच्या पेरानं ठोकून बघायचं. घाईघाईनं चार-पाच ठोके मारायचं आणि सगळं समजल्यासारखी मान हलवायचं. बाबांना त्याचा राग. "अगा, किती ठोकून राहिला? एक ठोका मार आन थांब. भांडं आपलं आपण सांगते," असं म्हणून ते भांडं काढून घ्यायचे. मग स्वतः एकच ठोका मारून ते कानाजवळ धरायचे आणि आवाज पार विरेपर्यंत डोळे मिटून उभे राहायचे. बारीकशी चीर असली तर ती त्या विरण्यात ऐकू येते, आधी नाही. सातव्या-आठव्या वर्षी मला चीर ओळखता येऊ लागली. दहाव्या वर्षी मी बाबांना सांगायचे की हा गुंड आणि तो कोपऱ्यातला एका सुरात आहेत, यांना नवरानवरी म्हणून जोडीनंच विका.

पेटी घरात आली तीसुद्धा मोडीत. बाबा जुनं पितळ मोडीत घ्यायचे; कुणी समया आणायचं, कुणी फुटकी घंगाळं. एकदा एका पोत्यातून पेटी निघाली. झाकण तुटलेलं, भात्याला भोक, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. बाबांना मतलब होता तो आतल्या पितळी सुरांशी, हवेनं वाजणाऱ्या त्या पात्यांशी. पेचकस घेऊन ते ती उकलायला बसले आणि मी शेजारी बसून भाता ओढला, एक पट्टी दाबली. पेटी कण्हली. एकच सूर, तोही घसा बसल्यासारखा, पण तो माझ्या बोटाखालून आला होता! मी पेटीवर पालथी पडले आणि भोकाड पसरलं. बाबा म्हणाले, "उठ वं, नाही मोडत." आई वरून ओरडली, "पोरीच्या जातीले पेटी कायले पाहिजे? गाणं म्हणते म्हटलं तर चार लोकं ऐकतात तरी. पेटीवाली सून कोण करून घेते?" बाबांनी भात्याला चामडं लावून आणलं. ते मोठे रसिक होते असं मी म्हणणार नाही. वाजणारी वस्तू त्यांच्यानं मोडवत नव्हती, एवढंच.

आईचा विरोध तोंडात असायचा, हातात नसायचा. रविवारी सकाळी मी मास्तरांकडून घरी यायचे तेव्हा गोळाभाताची तयारी झालेली असायची. डाळीचे वाफवलेले गोळे भातावर कुस्करायचे आणि वरून मोहरी-लाल मिरचीचं कडकडीत तेल ओतायचं. तो चुर्र आवाज खाली गेला की बाबा गिऱ्हाईक अर्धं सोडून "आलो वं" म्हणत जिना चढायचे. थंडीत तुरीच्या सोल्यांचा भात, आणि बाजारात सांबार स्वस्त झाला, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, की सांबारवडी. आई वड्या तळायची आणि मी शेजारी बसून पेटी काढायचे. "तुझ्या पेटीनं माझी कढई बिघडते," असं ती म्हणायची आणि गरम वडी माझ्याच ताटात टाकायची.

मास्तर म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेले गाण्याचे शिक्षक. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर त्यांची खोली. सडपातळ, सदा इस्त्रीचा सदरा, आवाज कधी चढायचा नाही. त्यांच्याकडं गाणाऱ्या बऱ्याच मुली होत्या, पण गाणं म्हणावं असं एकीचंच, कुंदाचं. कुंदा माझ्याच वयाची. आईवडील गावाकडं शेतीवर, आणि ही थोरल्या भावाकडं नंदनवनात राहून कॉलेज करायची. भाऊ, शरददादा, हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर होता. सकाळची पाळी असली की तो पहाटेच मोटारसायकलवरून तिला मास्तरांच्या दारात उतरवून पुढं जायचा, आणि ती कुडकुडत आत यायची. दिसायला साधी, बोलायला त्याहून साधी. पण तंबोरा लागला आणि तिनं सा लावला की माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा. पहिल्यांदा तो सूर ऐकला तेव्हाच मी मनात म्हटलं, हिच्याबरोबर मी जन्मभर वाजवणार. तिला विचारलंसुद्धा नाही. असा माझा स्वभाव.

एक मात्र होतं. कुंदा सावकाश. उत्तर द्यायला सावकाश, जेवायला सावकाश, गाताना तर विचारूच नका. आणि मी म्हणजे तुरतुरी. मास्तर वर्षाला एकच राग द्यायचे. त्या वर्षी पुरिया होता. ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, पुरियात सा वर यायची घाई चालत नाही. गाणारी खालच्या निषादावर रेंगाळते, रिषभाला नुसता स्पर्श करून मागं फिरते, ऐकणाऱ्याचा जीव त्या सा साठी कासावीस होतो, आणि मग कधीतरी ती तिथं येऊन टेकते. कुंदासाठी हा राग म्हणजे सासरी माहेर मिळाल्यासारखं होतं. आणि पेटीवाल्याचं काम काय, तर गाणारी जे गाईल ते अर्ध्या श्वासाच्या अंतरानं तिच्या मागून म्हणायचं. ती थांबली की तिचा सूर धरून ठेवायचा. तिच्या मागून, हे महत्त्वाचं. नऊ महिने रोज तोच राग ऐकून मला तिचं गाणं पाठ झालं होतं. ती कुठून निघाली की कुठं जाणार, कोणत्या वळणावर थांबणार, सगळं. आणि मला वाटायचं की याचंच नाव साथ.

गणपतीत आमच्या ओळीच्या मंडळानं कुंदाचं गाणं ठेवलं. संध्याकाळची वेळ, सतरंज्या, वर ट्यूबलाइट, मागं आरास. समोर पहिल्या रांगेत सराफ्यातले भाऊसाहेब. त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. सोन्याचे व्यापारी, गाण्याचा कान असा की नागपूरला येणारे मोठमोठे गवई आधी विचारायचे, भाऊसाहेब आहेत का समोर? आणि दाद देण्यात महाकंजूस. तासाच्या गाण्यात एक 'वा' निघाली तरी गाणाऱ्यानं पेढे वाटावेत. थंडीत गावात एक मोठी संगीत सभा व्हायची, तिच्यात दरवर्षी एका नव्या गळ्याला पाऊण तास मिळायचा, आणि तो गळा कोणता हे भाऊसाहेबांच्या शब्दावर ठरायचं. तिथं गायलं की अमरावती, रायपूर, जबलपूर, सगळीकडून बोलावणी यायची. तिथं जो नीट गायला नाही त्याला पुन्हा कुणी विचारत नसे.

कुंदा बिचकलेली होती. सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्यांत तिचा आवाज उघडेना. मी म्हटलं, थांब, तुला मी घेऊन जाते. ती निषादावर आली, तिथं घुटमळली. आता ती सा वर येणार हे मला माहीत होतं. माझं बोट आधी गेलं. सा वाजला, गोल, भरलेला, सगळ्या मांडवात. आणि भाऊसाहेबांच्या तोंडून निघालं, "वा!"

कुंदा अजून निषादावरच होती. एक क्षणभर. मग ती सा वर आली, पण आता न येऊन करते काय? तिथं पेटी आधीच बसलेली होती. त्यानंतर अर्धा तास तसंच चाललं. मी पुढं, ती मागं. लोकांना आवडलं. टाळ्या पडल्या, भाऊसाहेबांनी सभेसाठी नाव पक्कं केलं. आणि मला ती वा गोड लागली. इतकी वर्षं झाली, आता खोटं कशाला बोलू? ती कुणासाठी होती हे मला तिथल्या तिथं कळलं होतं आणि गालातल्या गालात मी हसलेही होते.

गाणं झाल्यावर आम्ही दोघी पेटीची एकेक बाजू धरून आमचा जिना चढत होतो. वर आईनं मोदकाचं पान वाढलं होतं. मधल्या पायरीवर कुंदा थांबली. पेटी मध्येच लोंबकळत राहिली.

"वा कोणाले होती वं, पमे?"

"तुले," मी म्हटलं. "आणखी कोणाले?"

"माझा सा तर तवा लागलाच नव्हता."

मी माझी बाजू ओढून वर चढू लागले. ती वर आली, आईच्या पाया पडली, मोदकाला हात न लावता गेली. आई मला म्हणाली, "काय केलं वं पोरीले?" मी म्हटलं, "काही नाही. तिच्या घशात खवखव आहे." आजही मोदक पुढ्यात आले की मला ती पायरी आठवते, आणि तरी मी खाते. मोदकाचा काय दोष?

दोन दिवसांनी शरददादा पाळी सुटल्यावर दुकानात आला. हेल्मेट काखेत, कपड्यांना कारखान्याचा वास. बाबांना म्हणाला, "काकाजी, राग मानू नका. पमीचा हात चांगला आहे. पण तिची पेटी कुंदाच्या पुढं चालते. सभा म्हणजे कुंदासाठी सगळंच आहे. मी दुसरा पेटीवाला पाहून राहिलो."

मी मागं गुंड पुसत होते. तो गुंड मी जमिनीवर इतक्या जोरात ठेवला की बाबांनी आधी गुंडाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. "पाहा ना मग दुसरा!" मी म्हटलं. "पाहा! माझ्यामुळंच तर गाणं उभं राहिलं त्या दिवशी. नाहीतर बसली असती निषादावर!" शरददादा गरीब माणूस, तो नुसता "बरं" म्हणून गेला. त्यानंतर आठ दिवस मी मास्तरांकडं फिरकले नाही. घरात पेटी उघडून एकटीच वाजवत बसायचे, मोठ्यानं, खिडकी उघडी ठेवून, म्हणजे ओळीला कळावं की कुणाला गमावलंय. बाबांनी आठ दिवस ते ऐकलं. नवव्या दिवशी जिन्यात उभं राहून म्हणाले, "पमे, त्या गिऱ्हाइकासारखी ठोकून राहिली तू. भांड्याले बोलू तर दे." आणि खाली निघून गेले. मला इतका राग आला की मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पेटी घेऊन मास्तरांकडं गेले.

मास्तरांच्या खोलीत कुंदा होती. आमची नजरानजर झाली, ती तंबोऱ्याच्या खुंटीशी खेळत बसली. मास्तरांनी माझी पेटी समोर ओढली, भाता दाबून बसवला आणि त्याच्या दोन्ही कड्या लावून टाकल्या.

"वाजव," ते म्हणाले.

"भाता बंद आहे, मास्तर."

"दिसते मले. सभेपर्यंत असाच राहील. कुंदा गाईल, तू वाजवशील. मनात असंल तर बस. नसंल तर दार उघडं आहे."

"आणि सभेत?"

मास्तरांनी कुंदाकडं पाहिलं. कुंदा खाली मान घालूनच म्हणाली, "दादानं पाहिलेला पेटीवाला चांगला आहे. त्याले मी अजून हो नाही म्हटलं. सभेच्या आदल्या दिवशी सांगीन."

सतराव्या वर्षी, अख्ख्या इतवारीत एक नंबर हात असलेल्या मुलीनं, तीन-साडेतीन महिने मुकी पेटी वाजवायची! गल्लीतले पोट्टे खिडकीतून बघून हसायचे. तबला वाजवणारे वामनराव पहिल्या दिवशी म्हणाले, "काय वं, पेटीचा उपास आहे काय आज?" मी चडफडत बसायचे. हवा नाही, सूर नाही, बोटाखाली पट्ट्यांची नुसती टकटक. मास्तर माझ्या बोटांकडं बघत बसायचे. बोट कुंदाच्या आधी गेलं की ते हातातल्या पेन्सिलनं पेटीच्या लाकडावर एक ठोका द्यायचे. पहिल्या आठवड्यात इतके ठोके पडले की वामनराव म्हणाले, आता माझी गरज नाही, ताल तुम्हीच धरा.

पण एक गोष्ट झाली. पेटी गप्प झाल्यावर मला कुंदा ऐकू येऊ लागली. मी नऊ महिने तिच्याबरोबर बसले होते आणि मला वाटत होतं की मी तिला ऐकते. कसलं काय! मी माझीच पेटी ऐकत होते, मागं कुठंतरी कुंदा होती. आता मला तिचा श्वास ऐकू येऊ लागला. ओळखीच्या जागेवर जायचं असलं की ती तोंडानं सावकाश, भरून श्वास घ्यायची, खांदे खाली. पण कधीकधी, आठ दिवसांतून एखाद्या वेळी, ती नाकानं आखूड श्वास घ्यायची, अंधारात पायरी चाचपताना घेतो तसा. त्या श्वासानंतर जे यायचं ते रियाजातलं नसायचं, तिला स्वतःलाही आधी माहीत नसायचं. आणि हे माझ्या लक्षात आल्यावर मला लाज वाटली, कारण अशा आखूड श्वासांवर मी नऊ महिने धडाधड पाय देत आले होते. ती नवीन काही काढायला जायची आणि माझी पेटी तिला ओढून जुन्या रस्त्यावर आणायची. पेन्सिलचे ठोके कमी होत गेले. मार्गशीर्षात एक दिवस असा आला की सबंध बैठकीत एकही पडला नाही. मास्तरांनी पेन्सिलला टोक काढलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून दिली.

आजकाल मुली मोबाइलवर तंबोरा लावतात, पेटीचीसुद्धा सोय त्यात आहे म्हणतात. असू दे. पण माझ्याकडं आलेल्या प्रत्येक मुलीला मी महिनाभर भाता बंद करून बसवते. मुलींच्या आया फोन करतात, "मॅडम, फी भरतो आहोत आम्ही, आवाज कधी येणार?" मी म्हणते, येईल, आधी कान येऊ द्या.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी कुंदा दुकानात आली. मी सकाळपासून दहा वेळा जिना उतरले होते. आई वरून, बाबा गल्ल्यावरून, सगळे आपापलं काम करत असल्यासारखं दाखवत होते. कुंदानं उगाच एक तांब्या उचलला, ठेवला.

"उद्या पेटी तुझी," ती म्हणाली. "पण एक गोष्ट आहे."

"सांग."

"मी चुकली तर मले चुकू दे, पमे. धरू नको मले."

मी मान हलवली. बाबांनी तो तांब्या कागदात गुंडाळला आणि तिच्या हातात दिला, म्हणाले, "ठेव, पोरी. शुभ काम आहे उद्या." कुंदाच्या घरी तो अजून आहे.

सभा मोठ्या पटांगणात, शामियान्यात होती. नागपूरची पौषातली संध्याकाळ, शाली, मफलर, पायांशी संत्र्याच्या साली. पहिल्या रांगेत भाऊसाहेब, त्यांच्या मागं शरददादा कोऱ्या सदऱ्यात, आणि अगदी कडेला आई-बाबा. मागं तंबोऱ्यावर मास्तरांच्या दोन शिष्या, उजवीकडं वामनराव, डावीकडं मी. तिथं बसल्यावर मी भात्याच्या कड्या काढल्या. साडेतीन महिन्यांनी. पहिला सूर मी इतका हळू दिला की वामनरावांनी वळून पाहिलं.

कुंदा चांगली लागली होती. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही छान चाललो. ती पुढं, मी अर्धा श्वास मागं. आणि मग ती खालच्या निषादावर आली आणि थांबली. आधी मला वाटलं, रेंगाळते आहे. मग तिच्या हाताकडं लक्ष गेलं. मांडीवरचा हात घट्ट मिटला होता. ती अडकली होती. पुढं काय, ते तिला सुचत नव्हतं. तबल्याचं एक आवर्तन गेलं. तिचा निषाद तसाच, एकटा. श्वास संपला, तिनं पुन्हा घेतला, पुन्हा निषाद. दुसरं आवर्तन सुरू झालं. शामियान्यात कुणीतरी खोकलं. शरददादा पुढं सरकून बसला. कुंदानं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही. सा माझ्या बोटाखालीच होता. दीड इंचाचंही अंतर नाही! एकदा दाबला असता की ती सुटली असती, लोकांना कळलंसुद्धा नसतं, आणि पेटीवाल्यानं अशा वेळी हेच करायचं असतं, कुणीही मला दोष दिला नसता. पण तिनं सांगितलं होतं, धरू नको. मी तिचा निषाद तेवढा हळूच धरून ठेवला, पुढं काही दिलं नाही. मनात म्हटलं, देवा, हिनं मला शिव्या घातल्या तरी चालतील.

आणि मग तो श्वास आला. नाकानं, आखूड.

मी पट्टीवरचं बोट उचललं. पेटी गप्प. कुंदा सा कडं गेलीच नाही. ती खाली गेली, खर्जाच्या अंधारात, जिथं त्या वळणावर ती आजवर कधी उतरली नव्हती, आणि तिथून हळूहळू, एकेक सूर तपासत वर येऊ लागली. ती जागा मला माहीत नव्हती. मास्तरांनाही नव्हती. पहिल्यांदाच तिच्या मागून जाताना मला पुढचं काही दिसत नव्हतं, आणि मी जीव मुठीत धरून नुसत्या कानानं तिच्या मागं मागं चालले होते. निषादाला वळसा घालून, रिषभावरून उलटी येऊन, ती सा वर आली. आली आणि टेकली. त्यानंतर, पूर्ण एक श्वास गेल्यावर, मी सा दिला.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला आणि मफलरच्या टोकानं डोळे पुसले. वा दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं, कडेकडून, भसाड्या आवाजात. बाबा होते ते! आयुष्यात कधी गाण्याला दाद न दिलेला माणूस. आईनं त्यांना कोपरानं ढोसलेलं मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

साडेसातला आम्ही दोघी सायकलरिक्षात बसलो, पेटी दोघींच्या मांडीवर. शरददादा मोटारसायकलवरून मागं. थंडीनं कुंदाचं नाक लाल झालं होतं.

"मी अडकली होती, माहीत आहे ना तुले?"

"माहीत होतं."

"तुझ्याकडं पाहिलं मी."

"दिसलं मले, तू पाहून राहिली होती ते."

"मग काहून नाही दिला सा?"

"तूच म्हटलं होतं ना, मी चुकली तर चुकू दे."

तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. "अवं, इतकं ऐकाचं असते काय! जीव गेला ना माझा!" आणि ती रडायला लागली, आणि मीही, आणि रडता रडता आम्ही दोघी हसत सुटलो. परवा फोनवर मी तिला याची आठवण दिली तर म्हणते कशी, "मी कुठं अडकली होती? मी थांबली होती." म्हणू दे. पस्तीस-चाळीस वर्षं तिच्या डाव्या हाताला मी बसले आहे.

इतवारीच्या तोंडाशी गर्दीत रिक्षा अडकली. हमाल ओरडत होते, पुढं एक हातगाडी उलटली होती. कुंदानं नाक पुसलं आणि एकदम माझा हात धरला.

"पमे, ती जागा. विसरून जाईन मी. ऐक."

आणि तिथं, त्या कल्ल्यात, ती ती जागा पुन्हा गाऊ लागली, हळू, निषादापासून खाली. मी पेटीच्या बंद झाकणावर बोटं ठेवली आणि तिच्या मागून निघाले.